यादीतली पाचवी ओळ

दिवा राहू दे तसाच. मोबाईल तेवढे खिशात घाला. आणि समर्थ, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मध्येच फिदीफिदी केलेलं मला चालत नाही. ही माझ्या पदरची गोष्ट नाही. कामशेतला स्टेशनच्या रस्त्यावर प्रदीप ओव्हाळचं इंटरनेटचं दुकान आहे, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरात त्याचीच वायर आलेली आहे. त्याच्या बाबतीत घडलं. त्यानं मला सगळं एकदाच सांगितलं. आता कधी विषय काढला तर चहा मागवतो आणि दुसरंच बोलायला लागतो.

प्रदीप माणूस कसा, हे आधी समजून घ्या. ओव्हाळांचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात ना कुणाच्या अंगात आलं, ना कुणाला कुणी झपाटलं. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर हा ते उचलून सरबत करून पिईल, असा गडी. कामात मात्र एकदम चोख. दुसरा कुणी वायफाय दुरुस्त करायला आला की राउटर बंद करतो, चालू करतो, पैसे घेतो आणि जातो. प्रदीप तसा नाही. तो राउटरच्या पोटात शिरतो. तुम्ही-आम्ही आयुष्यात उघडणार नाही अशी आतली पानं उघडतो आणि एकेक गोष्ट नीट लावून देतो.

त्याची एक सवय होती. घर कुठलंही असो, त्या राउटरला आजवर जी जी यंत्रं जोडली गेली त्यांची यादी काढायची. यातली आपली कोणती, ते घरच्यांना विचारायचं. उरतील त्यांना कायमचं बाहेर काढायचं. याला तो झाडू मारणं म्हणायचा. शेजारची पोरं चोरून नेट वापरत असतात, ती अशानं तुटतात, वेग वाढतो, गिऱ्हाईक खूश. म्हणायचा, असं म्हणालो मी. आता म्हणत नाही.

तर गेल्या वर्षीची तेवीस नोव्हेंबर. रविवार. अमावास्या होऊन तीन दिवस झालेले. चंद्राची बारीक कोर आठ वाजायच्या आतच डोंगराआड गेली होती. थंडी नुकती पडायला लागलेली. दुपारी प्रदीपला कुसगावहून फोन आला. बाई म्हणाली, रात्र झाली की नेट बंद पडतं, उद्या संध्याकाळच्या आत चालू झालंच पाहिजे, आजच याल का? प्रदीप म्हणाला, येतो. सव्वासातला तो केदाऱ्यांच्या दारात पोचला.

घर हायवेपासून आत, हॉटेलांच्या मागच्या गल्लीत. बसकं, स्लॅबचं. पुढं छोटा ओटा, ओट्यावर प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. घरातला कर्ता माणूस अमृत केदारी, देहूरोडच्या डेपोत कामाला होता. लोकलनं लोणावळ्याला उतरायचा आणि स्टेशनवरून दुचाकीनं घरी यायचा. अकरा तारखेला रात्री, वळणावर दिवे न लावता उभ्या असलेल्या ट्रकवर तो आदळला. जागच्या जागी गेला. चौतीस वर्षांचा होता. मागं आई झुंबरबाई, बायको कोमल आणि सहा वर्षांची अनघा.

त्या दिवशी दुपारीच त्याचं तेरावं झालं होतं. तेराव्याच्या संध्याकाळी कुणी नेटवाल्याला बोलावतं का, असं गल्लीतल्या बायका म्हणाल्याच. म्हणू देत. घर त्यांना चालवायचं नव्हतं. कोमल घरी बसून नोकरी करायची, परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची, संध्याकाळी सहा ते रात्री दोन. कंपनीनं तेराव्यापर्यंत सुट्टी दिली होती. सोमवारी हजर झाली नाही तर तिच्या जागी दुसरी बाई. आता त्या घरात तोच एक पगार उरला होता.

ओट्यावर अंधारात झुंबरबाई बसल्या होत्या.

“कोन हाय?”

“नेटवाला हाय मावशी. कामशेतचा.”

“जा, बाबा. आत हाय सून.”

हॉलमध्ये हार घातलेला फोटो होता. प्रदीपनं पाहिला, मान झुकवली आणि कामाला लागला. गेलेल्या माणसाबद्दल बोलणं त्याला कधीच जमायचं नाही. कोमलनं चहा विचारला, तो म्हणाला, “आधी काम बघू वहिनी.” आतल्या खोलीत पोरगी झोपली होती. एवढ्या लवकर कशी झोपली, असं त्याच्या मनात आलं, पण त्यानं विचारलं नाही.

राउटर हॉलमध्ये, दाराजवळच्या कपाटावर. प्रदीपनं लॅपटॉप जोडला आणि आत शिरला. पहिलाच दोष लगेच सापडला. मागच्या चार हॉटेलांचे राउटर आणि हा, सगळे एकाच चॅनलवर. एका मांडवात पाच बँड वाजत असावेत तसा सगळा गोंधळ. त्यानं रिकामा चॅनल शोधून राउटर त्यावर नेला, सिग्नलची ताकद पूर्ण केली, जुनाट सेटिंग बदलली. वेग दुपटीनं वाढला. प्रदीपची कळी खुलली. मग त्यानं झाडू काढला.

यादीत पाच ओळी होत्या. कोमलचा मोबाईल. तिचा लॅपटॉप. टीव्ही. अनघाचा टॅब. पाचवी ओळ निनावी. नुसता लांबलचक नंबर, यंत्राला कारखान्यातच मिळतो तो. समोर वेळा होत्या. रोज रात्री आठ-वीसला जोडला, पहाटे पाचला तुटला. काल तसंच. परवा तसंच.

“चोर सापडला, वहिनी!” प्रदीप म्हणाला. “रात्रभर तुमच्या नेटवर बसतोय कोणीतरी. हॉटेलातलं पोरगं असणार.”

कोमल स्वयंपाकघराच्या दारातून पुढं आली. तिनं त्या ओळीतली वेळ वाचली.

“हा तुमच्यापैकी कुणाचा न्हाई ना?”

“…नाही.”

“मग काढून टाकू?”

“काढा.”

ते ‘काढा’ तिनं कसं म्हटलं, हे प्रदीपला नंतर आठवलं. त्या वेळी तो स्वतःवरच खूश होता. चार यंत्रांना परवानगी, पाचव्याला दार बंद. सेव्ह केलं. आठला दहा कमी होते.

खरं तर तो तेव्हाच निघायचा. पण चोराची फजिती बघायची त्याला हौस. म्हणाला, आठ-वीसला येतो ना, बघूनच जाऊ. कोमलनं चहा आणला. साखर घालायची राहूनच गेली होती. तेरा दिवस झोप नसेल, असं त्याला वाटलं.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, पुढं लागेल. राउटर प्रत्येक यंत्रासमोर सिग्नलचा एक आकडा दाखवतो. आकडा नव्वद असला तर यंत्र लांब, हायवेच्या कडेला म्हणा. साठ म्हणजे फाटकाशी. तीस म्हणजे राउटरच्या अगदी जवळ. आकडा जेवढा लहान, तेवढं यंत्र जवळ.

आठ-वीसला पानावर तांबडी ओळ उमटली. तोच नंबर. नाकारलं.

“आला बघा!”

एकोणनव्वद. मग चौऱ्याऐंशी. मग सत्याहत्तर. माणसाच्या चालीनं आकडा खाली येत होता. दर तीन सेकंदांनी एक तांबडी ओळ. नाकारलं. नाकारलं. प्रदीपनं तेच पान आपल्या मोबाईलवर उघडलं, टॉर्च घेतला आणि चोराला पकडायला बाहेर पडला.

फाटकाशी येऊन उभा राहिला. एकसष्ट. म्हणजे आत्ता इथंच. त्यानं गल्लीभर टॉर्च फिरवला. गल्ली रिकामी. हॉटेलच्या मागची भिंत, गॅसच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी. माणूस नाही. त्यानं मोबाईलकडं पाहिलं. बावन्न. फाटकातून त्याच्या शेजारून कुणी गेलं नव्हतं. शेहेचाळीस. एकोणचाळीस. आकडा ओट्यावर चढला होता.

तो वळला. ओट्यावर झुंबरबाई शेजारची रिकामी खुर्ची ओढून सरळ करत होत्या.

“मावशी… आत्ता कोन आलतं का हितं?”

“किती वाजलं?”

“आठ-पंचवीस.”

“मग माज्या अमृतची येळ झाली की,” म्हातारी म्हणाली. “आठ-ईसला हायवे सोडायचा, पाच मिनटांत दारात. तेराव्यापातुर येत्यात म्हंत्यात ना… म्हून बसले. दिसत तर न्हाई कुनी.”

प्रदीपला पहिल्यांदा थंडी वाजली. तरी मन म्हणत होतं, यंत्र बिघडलं असेल, सिग्नल कुठूनतरी उलटून येत असेल. असं होतं कधीकधी. तो आत आला. कोमलनं टेबलावर दोन वस्तू आणून ठेवल्या होत्या. एक मोबाईलचा खोका. एक प्लॅस्टिकची पिशवी.

“हे बघा,” ती म्हणाली. एवढंच.

खोक्यावर यंत्राचा नंबर छापलेला असतो. प्रदीपनं तो पडद्यावरच्या नंबराशी ताडून बघितला. एकेक अक्षर, एकेक आकडा, बोट लावून. पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. मग त्यानं पिशवी उघडली. पोलिसांनी परत दिलेला अमृतचा फोन. काचेचा चुरा, वाकलेला पत्रा. बॅटरी नव्हतीच.

पडद्यावर आकडा तेहतीसवर थांबला होता.

“वहिनी… तुमाला म्हाईत होतं?”

कोमल खाली बसली. आवाज न करता रडत होती ती.

“पहिले चार दिवस मला बरं वाटायचं हो, दादा. आठ-वीस झाले की नेट पडायचं, आणि मला वाटायचं, आले हे. एकटीच हसायचे मी. पाचव्या दिवसापासून अनघाला ताप यायला लागला. रोज आठ-वीसनंतर चढतो, पहाटे पाचला उतरतो. दोन डॉक्टर झाले, रक्त तपासलं, काही सापडत नाही. झोपेत ती भिंतीकडं सरकते, शेजारी जागा करते. काल रात्री म्हणाली, ‘थांब बाबा, चप्पल घालते.’” तिनं तोंडावर पदर धरला. “रात्रभर तिचा हात धरून बसले मी. ते वाईट नाहीत. जिवंत असताना तिला कधी रागवले नाहीत. पण तिला सोडून जाववत नाही त्यांना… आणि पोरगी रोज थोडी थोडी जातेय माझी.”

“मला आधी का न्हाई सांगितलं?”

“सांगितलं असतं तर आला असता?”

इतक्यात आकडा हलला. तेहतीसचा चाळीस. मग सत्तेचाळीस. ओटा उतरला. आता जाईल, असं प्रदीपला वाटलं. नाही गेला. सत्तेचाळीसवरून पन्नास, मग पुन्हा खाली. घराला वळसा घालत होता. मोरीच्या अंगानं. मग मागच्या दाराजवळून. पुढचं दार सताड उघडं होतं, पण त्याला ते उघडं नव्हतंच. नाकारलं. नाकारलं. नाकारलं.

बेचाळीस. आकडा थांबला.

“राउटरपासनं एवढ्या अंतरावर काय हाय?” प्रदीपनं विचारलं.

कोमल उत्तर द्यायला थांबली नाही. ती अनघाच्या खोलीकडं धावली. तेवढ्या अंतरावर पोरीची खिडकी होती.

खिडकी बंद होती. पडदाही हलत नव्हता. पण पोरगी झोपेतच खिडकीच्या बाजूला वळली होती, आणि तिचा एक हात गादीवरून पुढं आला होता. कोमलनं कपाळाला हात लावला.

“मघाशी गार होती… आज पहिल्यांदाच गार होती…” ती कुजबुजली. “दादा, तापायला लागली.”

मागून झुंबरबाईंचा आवाज आला. म्हातारी केव्हा आत येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक.

“माज्या लेकाला कुनी भायेर ठिवलं?”

कोमलनं प्रदीपकडं पाहिलं.

“मी समदं ऐकलंय. कुलूप कुनी लावलं? तू व्हय रं?”

“व्हय मावशी,” प्रदीप म्हणाला. “मला ठावं नव्हतं.”

“काड ते.”

“नाही!” कोमल ओरडली. “दादा, हात लावू नका. आई, पोरगी बघा. पोरीकडं बघा जरा.”

“पोरीचं मला कळत न्हाई व्हय? रोज रातच्याला तिच्या पायाला तेल म्या लावते. पर त्यो बी कुनाचा तरी लेक हाय ना, कोमल? थंडीत घराभवती फिरतोय. तुला तुजी लेक, तसा मला माजा…”

प्रदीप मला म्हणाला, त्या वेळी पळून जावंसं वाटलं. गाडी फाटकाशी होती, किल्ली खिशात. पण झाडू त्यानं मारला होता. न विचारता, फुशारकीनं मारला होता. दार बंद ठेवलं तर पोरगी तापत होती. दार उघडलं तर तो रोजच्यासारखा पोरीच्या उशाशी जाणार होता. आणि दोघी बाया त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

तेव्हा त्याला एक सुचलं. त्याला फक्त राउटर येत होता, म्हणून राउटरमधलंच सुचलं.

“मावशी, एक करता येतंय,” तो म्हणाला. “घरच्या वायफायपासनं तोडलेलं दुसरं एक चालू करता येतं. हॉटेलवाले गिऱ्हाइकांना देत्यात तसलं. त्यातनं आत आलेल्याला घरातलं बाकीचं काय बी दिसत न्हाई. टॅब न्हाई, टीव्ही न्हाई… तुमची नात न्हाई. आन् त्याला येळ लावता येती. धा मिनटं. मग आपोआप बंद.”

“सोताच्या घरात परक्यावानी?”

“…व्हय.”

झुंबरबाईंनी नातीकडं पाहिलं. मग त्यांनी खाली वाकून पोरीचा तो पुढं आलेला हात उचलला, पांघरुणात घातला.

“कर,” त्या म्हणाल्या. “मी त्याला ओट्यावर बशीवते. कोमल, तू पोरीपाशी ऱ्हा. मागनं दार लावून घे. धा मिनटं काय बी ऐकू आलं तरी उगडू नगंस.”

त्या बाहेर गेल्या. कोमलनं कडी लावली.

प्रदीप पानावर पान उघडत गेला. नवं जाळं. घरापासून तोडलेलं. वेळ, दहा मिनिटं. पासवर्ड मागितला. मनात आले ते आठ आकडे त्यानं टाकले. मोठ्यानं बोलला नाही. कुणाला सांगितले नाहीत. सेव्ह.

राउटरचे दिवे गेले. ही सेटिंग बदलली की तो एकदा बंद होऊन चालू होतो. दीड मिनिट लागतं. तेवढा वेळ पान कोरं. आकडा नाही. ओळ नाही. तो कुठं आहे… खिडकीशी आहे, ओट्यावर आहे, की… कळायला काही मार्ग नाही. प्रदीप भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आतून पोरीचा श्वास ऐकू येत होता. जड. भरभर.

एक दिवा लागला. दुसरा. तिसरा.

आठ एक्केचाळीस.

नव्या जाळ्यात एक ओळ. जोडलं.

पासवर्ड बरोबर होता. कुणालाच न सांगितलेला.

बत्तीस.

दाराच्या पलीकडं खुर्ची करकरली. मग म्हातारीचा आवाज. हळू. रोजच्यासारखा.

“आलास व्हय… बस. किती वाळलास रं.”

गप्प.

“कोमल उद्यापासनं कामाला बसनार हाय. लय खमकी हाय ती. करल समदं.”

गप्प. मध्ये मध्ये ती थांबायची, कुणाचं तरी ऐकून घ्यावं तशी. दुसरा आवाज काही येत नव्हता. प्रदीपनं कान दिला होता. शपथेवर सांगतो म्हणाला, दुसरा आवाज नव्हता.

“…न्हाई रं. ती न्हाई. ल्हान हाय ती.”

गप्प.

“एकट्याला नगं वाटतंय… कळतंय मला. आईला कळत न्हाई व्हय?”

मग फार वेळ काहीच नाही. घड्याळात आठ-पन्नास. पोरीचा श्वास मंदावला होता. कोमल तिच्या केसांवरून हात फिरवत होती आणि दाराकडं बघत होती.

“बरं,” बाहेरून आवाज आला. “ऊठ मग. मी हाय संगं.”

प्रदीपनं पानाकडं पाहिलं. ओळी दोन होत्या.

दुसरी ओळ निनावी. नंबरही नाही. फक्त आकडा. बत्तीस. दोन्हीकडं बत्तीस.

आठ एक्कावन्न. वेळ संपली. जाळं बंद झालं. ओळी पुसल्या जायला हव्या होत्या, पण पुसल्या गेल्या नाहीत. आकडे हलले. एकोणचाळीस, एकोणचाळीस. पन्नास, पन्नास. एकसष्ट… फाटक. दोन्ही आकडे एकाच चालीनं. सावकाश. म्हातारं माणूस बरोबर असलं की आपण चालतो तसं. बहात्तर. ऐंशी. सत्त्याऐंशी. नव्वद.

मग काही नाही.

“दादा!” आतून कोमलचा आवाज आला. “घाम फुटला हिला. ताप उतरला! पाणी मागतेय!”

प्रदीपनं ऐकलं. त्याला आनंद व्हायला हवा होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “मावशींकडं फोन हाय का?”

“आईंकडं? नाही. त्यांनी कधी हातात धरला नाही. का?”

त्यानं कडी काढली.

झुंबरबाई खुर्चीत बसलेल्या होत्या. मान जराशी कललेली. शेजारची खुर्ची अगदी लगत आलेली, आणि तिच्या हातावर म्हातारीचा हात. बोटं मिटलेली. त्यानं हाक मारली. दोनदा मारली. मग हात लावला…

सव्वानऊला गावातले डॉक्टर आले. हृदय बंद पडलं म्हणाले, लेकाच्या दुःखानं होतं असं. अर्ध्या तासापूर्वी गेल्या असतील. कोमल मोठमोठ्यानं रडत होती, आणि रडता रडता एकच म्हणत होती, “आई, मी तुम्हाला पाठवायला नको होतं.” सहा वर्षांची पोर दारात उभी राहून विचारत होती, आजी कुठं गेली. प्रदीपला त्या रात्री घरी जाता आलं नाही. तो फाटकाशी गाडीवर बसून राहिला, उजाडेपर्यंत.

अनघाला पुन्हा ताप आला नाही. शाळेत जाते, भांडते, सगळं. कंपनीनं कोमलला आणखी तेरा दिवस दिले, आणि ती आजही तिथंच आहे. प्रदीप कुणाच्या घरात झाडू मारत नाही. यादीत अनोळखी ओळ दिसली की लॅपटॉप बंद करतो, घरातल्या सगळ्यांना समोर बसवतो आणि विचारतो, तुमच्यातलं कुणी गेलंय का हल्ली? लोकांना वाटतं, सुतकाची चौकशी करतोय.

तो राउटर त्यानं दुसऱ्या दिवशीच काढून नेला, केदाऱ्यांकडं नवा बसवला. जुना आतून पार कोरा केला, दुकानातून पहिल्या दिवशी येतो तसा. तीन वेळा केला. दुकानाच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलाय. मागच्या महिन्यात मी हट्टच धरला, तेव्हा तो खाली काढून त्यानं वीज जोडली आणि मला पान उघडून दिलं. स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला.

यादीत दोनच ओळी आहेत. पहिल्या ओळीत आल्याची वेळ आठ एक्केचाळीस, गेल्याची आठ एक्कावन्न. दुसऱ्या ओळीत गेल्याची वेळ आठ एक्कावन्न.

आल्याचा रकाना कोरा आहे.